काटा डावीकडे

घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडीने ठसका दिला, तेव्हा डोमाजीने रस्त्यावरची नजर काढून काट्याकडे पाहिले. स्टिअरिंगमागच्या पितळी चौकटीत बोटभर लांबीचा तो काटा होता. उजवीकडे कलला की बॅटरी भरते आहे, डावीकडे कलला की रिकामी होते आहे, एवढेच त्याला सांगता यायचे. दसऱ्यापर्यंत तो उजवीकडे असायचा. आज दसरा होऊन चौथा दिवस, आणि बालाघाटहून निघाल्यापासून तो डावीकडेच चिकटून बसला होता.

"काय झालं रे डोमा?" मागच्या सीटवरून प्रेमलाल ठेकेदाराने विचारले.

"काही नाही मालक. चढ हाय."

ड्रायव्हर 'काही नाही' म्हणतो तेव्हा काहीतरी असतेच, हे ठेकेदारालाही कळत होते. गाडी चार पावले नीट चालायची आणि मग आतून कुणी धरून हलवल्यासारखी थरथरायची. डोमाजीने गिअर उतरवला, हॉर्न दाबून पाहिला. हॉर्न म्हातारा खोकावा तसा वाजला. चौथ्या वळणावर इंजिन बंद पडले ते पडलेच. डोमाजी उडी मारून उतरला आणि त्याने चाकामागे धोंडा लावला. एका बाजूला सागाचे रान, दुसऱ्या बाजूला दरी. ठेकेदाराला तोंड दिसू नये म्हणून तो बॉनेटमध्ये डोके घालून उभा राहिला.

याच वळणाच्या खाली मागच्या पावसाळ्यात महागूचा ट्रक गेला होता. महागू त्याच्या शेजारच्या खोलीतला. महागूच्या बायकोला, पुष्पलताला, ती बातमी सांगायला कोणी पुढे होईना, म्हणून डोमाजीची बायको कमला गेली होती.

तासाभराने खाणीचा ट्रक आला आणि त्याने साखळीने गाडी ओढली. उकव्यात, खाणीच्या गावात, शिरताना शिफ्ट सुटलेली होती. मँगनीजच्या धुळीने काळे झालेले मजूर रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. "ठेकेदाराची मोटार बैल झाली रे," कोणीतरी ओरडले. ठेकेदार ट्रकच्या केबिनमध्ये बसला होता आणि साखळीच्या टोकाला स्टिअरिंग धरून डोमाजी एकटा. हसणे सगळे त्याच्याच वाट्याला आले.

घराजवळच्या गाडीच्या शेडपाशी उतरल्यावर ठेकेदार ओरडला नाही. हळू बोलला, ते जास्त वाईट होते.

"परसों मायच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. नागपूरचा डॉक्टर एकच दिवस बालाघाटले बसते. तो गेला त मंग वरीसभर मायनं भिंती चाचपाच्या. गाडी ठीक कर. नाही जमत त सांग, गोंदियाचा पुनाराम तयार बसला हाय. पन मंग खोलीबी खाली कराची."

"हौ मालक."

खोली म्हणजे शेडला लागून असलेली कौलारू दोन खणांची जागा. तीत डोमाजी, कमला आणि पाच वर्षांची शीला राहत. गाडी गेली की नोकरी जायची, नोकरी गेली की खोली. कमलाने दारातूनच सगळे ऐकले होते. तिने भात वाढला, वरण वाढले, आणि विचारले, "घाटात बंद पडली?"

"हौ."

थोड्या वेळाने पुन्हा, "कोनत्या वळणावर?"

"कोनत्याबी वळणावर. तुले काय कराचं हाय?"

तिने स्वतःच्या ताटात वाढूनच घेतले नाही, हे डोमाजीला हात धुताना दिसले. पण त्याचे डोके काट्यात अडकले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने बॅटरी सोडवली, सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि खाणीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथला वायरमन खेमराज ओळखीचा होता. "दुपारपर्यंत भरून देतो," तो म्हणाला, "पन बिमारी बॅटरीत नाही बावा. मी आज भरीन, तुही गाडी उद्या पिऊन टाकीन."

"समजते मले."

समजत होते म्हणूनच भीती होती. गाडी खाणीतल्या इंग्रज साहेबाची. साहेब मायदेशी जाताना विकून गेला, तेव्हाच ती म्हातारी होती. तिचे सुटे भाग बालाघाटला मिळत नसत, गोंदियाला मिळत नसत. जे होते ते पुसून, घासून, तारेने आवळून चालवायचे. सात वर्षे डोमाजीने तसेच चालवले होते.

बॅटरी येईपर्यंत त्याने थरथरीचा शोध घेतला. चार प्लग काढले. ते काळे पडले होते, घासून परत बसवले. मग प्लगांना करंट वाटून देणारी काळी टोपी उघडली, आणि त्याचा हात थांबला. आत चिकट ओल होती, एका बाजूला पांढुरका थर सुकला होता. त्याने बोट लावून हुंगले. नारळ.

दसऱ्याला ठेकेदाराने गाडीवर नारळ फोडला होता, हे शेजारच्या लीलाबाईने त्याला सांगितले होते. बॉनेट उघडून, इंजिनाच्या कडेवर आपटून. डोमाजी त्या दिवशी नव्हता. दीक्षा घेऊन आठ वर्षे झाली होती, आणि दरसालच्या दसऱ्याला तो धम्माच्या कार्यक्रमासाठी बालाघाटला जायचा. ठेकेदाराला ते आवडत नसे. "सारी दुनिया आपल्या गाडीले हात जोडते, अन् आमचा ड्रायव्हर गाडी सोडून पळते," असे तो चार लोकांत म्हणायचा. आता टोपीतले पाणी मालकाने फोडलेल्या नारळाचे आहे, हे मालकाला कोण सांगणार? डोमाजीने टोपी पेट्रोलने धुतली, उन्हात वाळवली, गुपचूप बसवली. भीती माणसाला गप्प बसायला लगेच शिकवते.

दुपारी बॅटरी आली. ती वाचवायची म्हणून त्याने सेल्फ न मारता हँडल लावले. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही, हे त्यानेच महागूला शिकवले होते. आज घाईत तो स्वतःच विसरला. इंजिनाने उलटा झटका दिला आणि मनगटातून कळ थेट खांद्यापर्यंत गेली. तो खाली बसला. डोळ्यांत पाणी आले. दोन मिनिटांनी उठून त्याने डाव्या हाताने हँडल मारले, आणि गाडी चालू झाली. गुळगुळीत चालली. थरथर नव्हती, ठसका नव्हता.

तो धावत जाऊन काट्याकडे वाकला. काटा डावीकडे.

म्हणजे डायनामो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारा तो लोखंडी डबा. पट्टा दाबून पाहिला, ताठ होता. तारा ओढून पाहिल्या, पक्क्या होत्या. मग तो डायनामोच्या मागच्या टोकाला वाकला. तिथली पत्र्याची पट्टी नव्हती. आतल्या फिरत्या तांब्याच्या गोलाला कार्बनचे दोन तुकडे टेकतात, तिथे एक खिडकी असते. ती झाकणारी पट्टी त्यानेच दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी कार्बन बघायला काढली होती. स्क्रू मातीत पडला, सापडेना, सकाळची बस गाठायची होती. परत आल्यावर लावू म्हणाला आणि विसरला.

इंजिन बंद करून त्याने चिमटा आत घातला. बाहेर आला तो लाल चिखल. शेंदूर! तेलात कालवलेला. तांब्यावर त्याचा थर बसला होता आणि एक कार्बन आपल्या घरातच चिकटून गेला होता. टेकतच नव्हता, तर वीज येणार कुठून?

"सापडलं का?" मागून आवाज आला. ठेकेदार दारात उभा होता, बरोबर दोन मुकादम आणि हिशेबाचा कारकून. डोमाजी दचकला. हातात चिमटा, चिमट्याला शेंदूर. लपवायला वेळच नव्हता.

"डायनाम्यात तेल-शेंदूर गेला मालक. कोनीतरी… पूजेत."

त्याने नाव घेतले नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती. दसऱ्याला घरातली पूजा ठेकेदाराची आई करायची. गोदाबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, ताट हाताने चाचपून जेवणारी.

ठेकेदार अंगणात गेला आणि तिथूनच ओरडला, "माय! दिसत नाही त कायले हात घालतं? आंधळी झाली, आता घरात बसून राह्य ना! गाडीत शेंदूर घातला तुनं! कालपासून हा डोमा मरून राह्यला!"

गोदाबाई भिंतीला हात लावत बाहेर आली. पडवीतल्या दोघी कामवाल्या तोंडाला पदर लावून हसल्या. मुकादम दुसरीकडे पाहू लागले. म्हातारीने आवाजाच्या दिशेने तोंड केले. मग म्हणाली, "मी त गाडीच्या नाकाले हळदीकुंकू लावलं होतं बापा. शेंदूर…" आणि तिथेच थांबली. पुन्हा भिंत चाचपत आत गेली. डोमाजीला वाटले, आता बोलावे. पट्टी मी उघडी ठेवली, नारळाचे पाणी तुमचे, एकटी म्हातारीच काय दोषी? पण तो पुन्हा डायनामोवर वाकला.

दिवस कलेपर्यंत तो घासत राहिला. बारीक काचकागद, पेट्रोलचे फडके, तांब्याच्या खाचा साफ करायला आरीच्या पात्याचा तुकडा. कार्बन घासून मोकळा केला, स्प्रिंग ताणून दिली. पट्टी बसवली आणि जुन्या कंदिलाचा स्क्रू काढून तिला लावला. सुजलेले मनगट प्रत्येक वेळी ओरडत होते. शेवटी हँडल मारले, रेस दिली. काटा हलला, मधोमध आला, आणि हळूच उजवीकडे कलला.

डोमाजी तसाच सीटवर बसून राहिला. खोली वाचली, नोकरी वाचली. त्याने तोंडावरचा घाम पुसायला फडके उचलले, आणि नाकाशी वास आल्यावर ते पुन्हा हुंगले.

ते टोळीचे तेल होते. मोहाच्या बियांचे. मोठ्या घरी पूजेला तिळाचे तेल, फार तर तूप. टोळीचे तेल कोणाच्या घरात असते? गरिबाच्या. त्याच्या स्वतःच्या चुलीशेजारी, मातीच्या बुधल्यात.

तो घरात गेला तेव्हा कमला चूल पेटवत होती. त्याने फडके तिच्यासमोर टाकले. काही विचारावे लागले नाही. तिने फडक्याकडे पाहिले आणि फुंकणी खाली ठेवली.

"तू?" त्याचा आवाज फुटला. "तू वो कमला? आपल्या घरचे देव टोपल्यात भरून नाल्यात तुनंच नेले होते. माह्या मायचा हात धरून नेलतं तुनं. अन् आता शेंदूर?"

"हौ. मीच नेलते."

"मंग काहून?"

"पुष्पलताले सांगाले कोन गेलतं?" ती एकदम म्हणाली. "मी गेलतो ना? तिनं मले दारात पायलं अन् मी बोलाच्या आधीच बांगड्या फोडल्या. त्या दिवसापासून तुमी घाटात गेले की मी दारात येत नाही. कोनी आलं त मले दिसू नये म्हणून." तिने फुंकणी पुन्हा उचलली. "तुमीच त म्हनता, गाडीचा जीव डायनाम्यात हाय. तो गेला त सारी गाडी गेली. तुमी बालाघाटले गेले, गाडी उघडीच होती. म्हटलं, जिथं जीव हाय तिथंच लावाव. देवासाठी नाही लावला मी. भेवासाठी लावला."

हसावे की डोके आपटावे, ते डोमाजीला कळेना. नवरा वाचावा म्हणून जे लावले त्यानेच नवऱ्याला घाटात अडकवले होते, आणि त्यातला अर्धा दोष त्या उघड्या पट्टीचा.

"अन् त्या बुढीनं चार मानसांत ऐकून घेतलं," तो म्हणाला.

"मी जातो. सांगतो मालकाले," कमला उठली.

"पागल झाली का? सांगशीन त उद्याच खोली खाली कराव लागन. चूप राह्य. ती शेंदराची डबी नाल्यात टाक."

"टाकतो." मग थोड्या वेळाने, चुलीकडे पाहत तिने विचारले, "कुठं लावला असता त चाललं असतं?"

डोमाजी हात धुवायला बाहेर गेला.

सकाळी गाडी दारात लागली. ठेकेदार पुढे बसला. गोदाबाई नेसूच्या नव्या लुगड्याचा घोळ हातात धरून पायरीवर उभी होती.

"मले धराले बाई पायजे," ती म्हणाली. "डोमाच्या बायकोले घे."

ठेकेदाराचा चेहरा वाकडा झाला. डोमाजीला या घरी चहा मिळायचा तो शेडच्या कोनाड्यातल्या कानतुटक्या कपात. त्याची बायको आता आईच्या शेजारी बसणार? "घरच्या बाया हायेत ना, माय."

"घरच्या बाया काल हासत होत्या. मले ऐकू येते." म्हातारीने हात पुढे केला आणि तो हवेत तसाच धरून ठेवला. शेवटी कमला आली. शीलाला तिने लीलाबाईकडे सोडले होते. तिने तो हात धरला. सात वर्षांत कमला त्या गाडीत पहिल्यांदाच बसली, आणि बसली तीही अंग चोरून, सीटच्या अगदी कडेला.

काटा उजवीकडे होता. उतार सुरू होईपर्यंत डोमाजीने दहादा पाहिला. मनगट फडक्याने बांधलेले, गिअर बदलताना दात आवळावे लागत होते. पहिले वळण गेले. दुसऱ्याला इंजिन एकदा अडखळले, पण लगेच सावरले. आरशात त्याला कमला दिसली. ती दरीकडे पाहत होती. महागूचा ट्रक गेला ती जागा कोणी सांगितल्याशिवाय तिला कळली होती. तिथले कठड्याचे धोंडे अजून नवे पांढरे होते.

"मालक," ती म्हणाली.

डोमाजीच्या हातातले स्टिअरिंग हलले. "कमला!"

"मालक, तो शेंदूर मोठ्या मायनं नाही लावला. मी लावला."

ठेकेदार पूर्ण वळून मागे बघू लागला. मग डोमाजीकडे. ठेकेदाराच्या कानाची पाळी लाल झाली होती. "अन् तुले माहीत होतं? काल माही माय… थांबव गाडी."

पण समोर महागूचे वळण होते, उतार होता, आणि हातात एक मनगट कमी. "घाटात नाही थांबत मालक," डोमाजी म्हणाला. सात वर्षांत त्याने या माणसाला पहिल्यांदाच नाही म्हटले होते. ते म्हटल्यावर बाकीचेही सुटले. "डायनाम्याची पट्टी मी उघडी ठेवली होती. अन् थरथर शेंदरानं नव्हती. तुमी फोडलेल्या नारळाचं पानी टोपीत गेलतं. मोठ्या मायचा एकबी गुन्हा नाही. मी भेलो म्हणून काल बोललो नाही."

इंजिनाचा आवाज तेवढा चालू राहिला. आणि मग गोदाबाई बोलली.

"शेंदूर मीच देला होता तिले."

"माय?"

"दसऱ्याच्या सकाळी दारात आली. म्हनते, मोठी माय, चिमूटभर द्या, पोरीले फोड आले. फोडाले कोनी शेंदूर लावते का बापा? मी डबी देली त तिचा हात कापत होता. डोळ्यानं दिसत नाही, पन हाताले त समजते. काल तू अंगनात चिल्लावला तवाच मले कळलं, त्या चिमटीचं काय झालं ते."

"मंग काल काहून नाही बोलली?"

"बोलली असती त तिले खोली खाली कराव लागली असती. मले काय, आंधळीले आंधळी म्हटलं." म्हातारीने कमलाचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "आता खाली जावोस्तोवर चूप बस प्रेमलाल. त्याले गाडी चालवू दे. घाट हाय."

घाटात ड्रायव्हरशी कोणी भांडत नाही, ही अक्कल त्या रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही असते. ठेकेदार समोर बघत बसला. डोमाजीच्या मानेवरून घामाची धार पाठीत उतरली. घाट उतरला, गांगुलपाऱ्याच्या तलावाचे पाणी दिसले, सपाट रस्ता लागला, तरी ठेकेदार बोलेना. डोमाजी मनातल्या मनात सामान बांधत होता. दोन भांडी, एक पेटी, शीलाचे अंथरूण. कुठे जायचे?

दवाखान्यात म्हातारीला आत नेताना ती दारात अडली. "भेव लागते वो," ती कमलाला म्हणाली.

"मलेबी लागते मोठी माय."

"मंग चाल संगच."

दोघी आत गेल्या. बाहेर कडुलिंबाखाली ठेकेदार आणि डोमाजी राहिले. ठेकेदाराने विडी काढली, दोन काड्या वाया घालवल्या. डोमाजी हात बांधून उभा होता आणि शिक्षेची वाट पाहत होता.

"आठ दिवसांनी पट्टी सोडतीन तिची," ठेकेदार झाडाकडे बघत म्हणाला. "तूच येजो आनाले. त्या पुनारामले घाट ठाऊक नाही." मग विडीचा झुरका घेऊन, "तो नारळ… टोपी कोनती ते मले दाखवून ठेव एकदा."

"हौ मालक," डोमाजी म्हणाला आणि गाडीकडे गेला. त्याला लोकांत रडायचे नव्हते. काम असल्यासारखे दाखवायला त्याने बॉनेट उचलले. पट्टी जागेवर होती, कंदिलाचा स्क्रू घट्ट होता. बॅटरीचा माथा कोरडा, टोपी कोरडी. मग त्याची नजर वर गेली.

बॉनेटच्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या अगदी कोपऱ्यात, डायनामोपासून, तारांपासून, सगळ्यांपासून लांब, शेंदराचे एक बोट उमटलेले होते. ताजे होते. सकाळी, गाडी काढायच्या आधीचे. तेल घातलेलेच नव्हते, नुसती कोरडी चिमूट पाण्याने टेकवलेली.

डोमाजीने फडके उचलले. हात त्या कोपऱ्यापाशी नेला आणि तसाच धरून उभा राहिला. मग त्याने त्या फडक्याने बॅटरीच्या कडा पुसल्या, आणि बॉनेट हळूच खाली केले.